किनारा एकटीने फिरले

प्रिय नाना,

तुम्हा दोघांना नमस्कार. फोनवर बोलले तर रडू येईल, म्हणून रिसॉर्टच्या कागदावर लिहून फोटो पाठवतेय. मी सुखरूप आहे, आईला आधी हेच सांगा.

अंदमान फार सुंदर आहे. पाणी इतकं नितळ, की पायाजवळचे मासे दिसतात. वरणभातही मिळतो. तुमचा गुडघा कसा आहे?

लग्नानंतरची ही आमची पहिलीच सहल. काल किनाऱ्यावरच्या हॉटेलात ऋषिकेशनी माझ्यासाठी शहाळं मागवलं आणि म्हणाले, "संजना, माझं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे. घरच्यांपुढे बोलायची हिंमत झाली नाही. तू कुणाला सांगू नकोस, आपण संसार नीट करू."

मी विचारलं, "आणि तिचं काय?"

त्यांनी बिल मागवलं.

आज मी एकटीच फिरले. नवी जोडपी माझ्याकडून फोटो काढून घेत होती.

नाना, गावात तुम्हाला मान खाली घालावी लागेल, याचीच भीती वाटते. पण मला सासरी नांदायचं नाही.

शुक्रवारी आम्ही नाशिकला पोचू. तुम्ही तिथल्या द्वारका चौकात गाडी घेऊन थांबा. मी सासरी न जाता तुमच्याबरोबर चांदवडला येणार आहे. लोक विचारतील, तेव्हा उत्तर मी देईन.

तुमची,
संजना