न पडलेली अडतीस कार्डं

१० मार्च १९६९, सोमवार. सकाळी साडेदहा.
या देशात न्याय नाही. चारशे बारा कार्डं पाठवणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी सुई एकच पाठवली, आणि तीही वाकडी. अख्ख्या मावळचं भवितव्य या सुईवर टांगलेलं, आणि सुई सरळ उभी राहायला तयार नाही. तक्रार लिहिली, तीन प्रतींत. कार्बन संपला, म्हणून तिन्ही हाताने. त्यावर वेगळी तक्रार.

रीत लिहून ठेवतो. पुढे कोणी म्हणायला नको की महिपतरावांना समजली नव्हती. एका घराचं एक कार्ड. कार्डाच्या काठाला सात भोकं: रस्ता, विहीर, शाळा, दवाखाना, वीज, गोदाम, समाजमंदिर. 'गावाला काय हवं?' या प्रश्नाला घरवाल्याने हवी तेवढी उत्तरं द्यायची. दिलेल्या प्रत्येक उत्तराच्या भोकाची कड चिमट्याने तोडायची. मग गड्डीच्या 'विहीर' भोकातून सुई घालायची, उचलायची, हलवायची. विहीरवाले खाली पडतात, बाकीचे लटकून राहतात. पडलेले मोजायचे. शेंबड्या पोरालाही जमेल. म्हणून स्वतःच करणार आहे.

यंदा विहीर एकच मंजूर व्हायची आहे. टेबल, म्हणजे गावोगावच्या आकड्यांचा तक्ता, बघून साहेब गाव ठरवणार. टेबल माझं. म्हणजे विहीर कोणाची, ते कळलंच.

११ मार्च.
हिची विणायची सुई मागितली. म्हणाली, स्वेटर अर्ध्यावर आहे, राहिलाय तो गळा, आणि गळा तुमचाच आहे, विचार करा. विचार केला. सुई आणली.

१३ मार्च. दुपार.
घात! घरं चारशे बारा, उत्तरं एक हजार सदतीस. टक्क्यांची बेरीज अडीचशेच्या वर. शंभराच्या वर टक्के जातात कसे? मावळात माणसं एवढी हावरी कधी झाली? हिराने चिमटा सैल चालवला असणार.

हिरा म्हणजे आमची कारकून. भाजे गावची. रोज मळवलीहून गाडीने येते आणि माझ्याआधी पोचते, हा एक आगाऊपणाच. म्हणे, "साहेब, एका घरानं तीन गोष्टी मागितल्या तर कार्ड तीनदा पडणार. बेरीज शंभर कशाला व्हायला पाहिजे? फक्त किती घरांपैकी मोजतोय ते खाली लिहा." मॅट्रिक झालेल्या माणसाने अशा सहज स्वरात बोलू नये.

संकल्प: हिराशी बोलायचं नाही.

१४ मार्च.
बोलावं लागलं. सुई तिच्याकडे होती.

१७ मार्च. संध्याकाळ.
सातही भोकं तपासून झाली. अडतीस कार्डं एकदाही पडली नाहीत. रस्ता म्हणा, लटकून. वीज म्हणा, लटकून. समाजमंदिराला तर पुण्याचे पेन्शनर पण पडतील, ही ढिम्म. गड्डी टेबलावर आपटली, शिव्या दिल्या, सुईला तेल लावलं. एकाचीही कड तुटलेली नाही. कोरी.

अडतीसच्या अडतीस तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीची. डोंगरातली वस्ती. म्हणजे एका अख्ख्या वस्तीने सरकारी प्रश्नाकडे पाठ फिरवली. याला उद्धटपणा म्हणतात.

१८ मार्च.
रात्रभर विचार करून (साडेनऊ ते दहा) नियम काढला. ज्याचं उत्तर नाही, ते घर नाही. अडतीस बाजूला काढायची. चारशे बारांतून गेले अडतीस, राहिले तीनशे चौऱ्याहत्तर. आता टेबल कसं स्वच्छ! वाडीची ओळच उडाली, कारण तिच्यात शून्य भागिले शून्य येत होतं आणि ते दिसायला वाईट दिसतं.

हिरा ऐकेना. म्हणे, "कोरं कार्ड तीन तऱ्हेचं असतं साहेब. एक, विचारलंच नाही. दोन, विचारलं पण त्यांनी सांगितलं नाही. तीन, खरंच काही नको. तुम्ही तिन्हींना एकाच डब्यात कोंबून डबा फेकताय." मी म्हणालो, डबा सरकारचा आहे. ती म्हणाली, "आणि घरं?"

वर आणखी सूचना: कार्डाला आठवं भोक पाडू, 'उत्तर नाही' नावाचं. मग ही अडतीस पण पडतील, टेबलात एक ओळ येईल, वाचणाऱ्याला कळेल तरी की तिथे माणसं राहतात. सरकारी कार्डाला भोक! मी फाइल इतक्या जोरात मिटली की शाई सांडली.

२५ मार्च.
कार्ल्याची जत्रा. एस.टी. माणसांनी फुगलेली, मी दारात उभा, पायावर कोणाचं तरी कोंबडं. उशिरा पोचलो. हिरा घरोघरी भरून आणलेले मूळ फॉर्म काढून बसलेली, ज्यांवरून कार्डं तोडली ते. म्हणे, वाडीवर गेलं कोण होतं ते बघतेय.

वा! मला हे आधीच सुचायला हवं होतं. ज्या गाढवाने अडतीस फॉर्म कोरे आणले त्याला नोटीस काढतो. मसुदा तयार: 'आपल्या अक्षम्य हलगर्जीपणाबद्दल…'

त्याच दिवशी, चार वाजता.
सही माझी आहे.

२६ मार्च.
शांत डोक्याने पाहता प्रकरण वेगळं आहे. २७ फेब्रुवारीला मी स्वतः वाडीवर गेलो होतो, म्हणजे काम अचूकच झालं असणार. मुलाखत आदर्श झाली. यादी मोठ्याने वाचली, सगळ्यांसमोर, एकदाच, कारण ऊन होतं. लोक हसले. चिमाबाई म्हणून एक म्हातारी, तिने बाज टाकली. त्या दिवशीच्या डायरीत मी शेरा मारलाय: 'वस्ती समाधानी.' बघा! कोरं म्हणजे समाधान. हिराच्या तीन तऱ्हांपैकी तिसरी. ज्याला काही नको त्याला टेबलात तरी कशाला ओढायचं?

हिराला हे सांगितलं. काही बोलली नाही. न बोलण्याची तिची एक पद्धत आहे, तिच्यावर खरं तर मेमो निघायला हवा.

२९ मार्च, शनिवार.
टेबल पुण्याला रवाना. सोबत माझ्या नियमावर दोन पानी टिपण. विहीर मागणाऱ्यांत तिकोणा पेठ पहिली: अठ्ठावन्न घरांतली एक्कावन्न, अठ्ठ्याऐंशी टक्के. पेठेत दोन विहिरी आहेत, पण तो प्रश्न यादीत नव्हता.

३ एप्रिल, गुरुवार.
हिराचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून वाडीवर जाऊन 'आम्हास काही नको' असे अडतीस अंगठे घेऊन यायचं ठरवलं. साक्षीला तिलाच नेलं. कामशेतला एस.टी. बदलली, पुढे चाल. चढ असा की सरकारी चपलेचा अंगठा तुटला.

चिमाबाईने ओळखलं. "या भाऊ, लय दिसानं." बाज टाकली, तांब्या पुढे केला. मी कागद काढला आणि ठणकावून विचारलं, बाई, तुम्हांला काय हवंय? ती हसली. "काय बी नको. तुमी बसा निवांत." मी हिराकडे बघितलं. असं बघितलं की बस्स.

हिराने कागदाला हात लावला नाही. चुलीपाशी बसली. म्हणाली, "मावशी, आज पाणी कुठनं आणलं?"

आणि बांध फुटला. झरा खाली ओढ्याच्या अंगाला. होळीच्या आत आटतो. मग खडकाच्या कपारीत जे साचतं ते वाटीने भरायचं. एका हंड्याला दीड तास. बाया पहाटे नंबर लावतात. चिमाबाईचा नवरा बुधा खोकत खोकत म्हणाला, "दोन सालामागं पानी भरताना घसरलो, तवापास्नं ह्यो पाय असाय. आता हीच जाती. ती बी घसरंल येक दिस." असं म्हणाला जसं काय पावसाचं सांगतोय.

मी ओरडलो. मग त्या दिवशी का नाही सांगितलं? मी विहीर वाचली होती! यादीत दुसरीच होती!

चिमाबाई चपापली. म्हणाली, "आवो भाऊ, तुमी पाव्हणं. दारात आलेल्या मानसाला द्यायचं आसतं. त्याच्याकडं कुनी मागतं व्हय?"

शेजारची सावित्राबाई दारातून फिसकन हसली. "साहेब, आज हातपाय न्हाई धुनार? त्या दिशी लय धुतलं. दोन तांबं तोंडाला, येक पायाला. चिमामावशीचा आख्खा हंडा झाला, सांजच्याला आमच्या घरनं पानी नेलं तिनं." चिमाबाई तिच्यावर खेकसली, "गप गं भवाने, पाव्हण्याचं आसं काडत्यात व्हय?"

अडतीस घरं हिंडलो. हिरा 'पाणी कुठनं?' एवढंच विचारी. अडतीसच्या अडतीस विहीर.

उतरताना मी हिराला ठणकावलं की प्रश्न असाच विचारायला हवा, हे माझं मत पहिल्यापासून होतं. ती म्हणाली, "हो साहेब." हेही मेमोलायक.

५ एप्रिल.
पुण्याला दुरुस्तीचं पत्र. अडतीस कोरी कार्डं कोरी नव्हती, विचारणाऱ्याची चूक. 'विचारणाऱ्याची' खोडून 'पद्धतीची' केलं. मग 'पद्धतीची' खोडून पुन्हा पहिलं लिहिलं, कारण हिराला टाइप करायचं होतं आणि ती बघत होती. सोबत आठव्या भोकाची माझी कल्पना.

९ एप्रिल.
उत्तर नाही. स्मरणपत्र, कडक भाषेत.

१२ एप्रिल.
उत्तर नाही. दुसरं स्मरणपत्र. 'झोपला आहात काय' हे वाक्य हिराने गाळलं.

१६ एप्रिल, बुधवार.
उत्तर आलं. टेबल अंतिम आहे. विहीर तिकोणा पेठेला मंजूर, चावडीमागे खुणेचे दगडही रोवले. फेरविचार पुढच्या सर्वेक्षणात, म्हणजे पाच वर्षांनी. खाली साहेबांच्या स्वतःच्या अक्षरात: 'आपला कोरी कार्डे वगळण्याचा नियम अत्यंत सुटसुटीत वाटला. जिल्ह्यातील सर्व कचेऱ्यांना आदर्श म्हणून पाठवला आहे. अभिनंदन.'

पत्र हिराच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तिने ते फाइलला लावलं होतं. कार्डाला आठ नाही, नऊ भोकं असती तरी आता काय.

१७ एप्रिल.
जिल्ह्यात अशा वाड्या किती असतील? मोजायला बसलो. मोजता येईना. मोजायच्या कशा, त्या तर वगळल्या.

तिसरं स्मरणपत्र लिहिलं. रागाने लिहिलं. कोणावरच्या, ते पत्रात नाही.

२० एप्रिल, रविवार.
सुट्टी. हिला सांगितलं, कामशेतला काम आहे. म्हणाली, रविवारी? म्हटलं, सरकारी.

पहाटेच्या पहिल्या गाडीने गेलो. झऱ्यावर बाया होत्या. नंबर लावला. हसल्या, मग हसायच्या थांबल्या. वाटीने भरता येतं, पण पाठ मोडते. दीड तास म्हणाले होते, मला सव्वादोन लागले. चढावर दोनदा टेकलो. पाऊण हंडा पोचला, बाकीचा माझ्या सदऱ्यावर.

चिमाबाईच्या रांजणात ओतला.

ती लगबगीने तांब्या घेऊन आली. "भाऊ, बसा, पानी घ्या."

म्हटलं, घरून पिऊन आलोय.