निहारचा नकार

शुक्रवार, रियाध. पाहुणे नुकतेच गेले.

ऑफिसातली चार कुटुंबं आज जेवायला होती. आमचा निहार जन्मला अमेरिकेत, आता तिथल्याच एका लहान कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात किकर, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारणारा खेळाडू आहे. एका मोठ्या विद्यापीठाने त्याला आपल्या संघात बोलावलंय, वर बुटांच्या जाहिरातीचा करारही मिळतोय. त्याचा होकार आलेला नसताना तो तिकडे जाणार असं मी सगळ्यांना सांगून मोकळा झालो. पेढेसुद्धा वाटले!

जेवताना त्याचाच फोन आला. मी ऐटीत स्पीकर चालू केला.

"बाबा, स्पीकरवर नाही ना?"

"नाही रे, बोल."

'नाही' असं का म्हणालो मी? इतकं सहज?

"मी हा संघ सोडत नाहीये. पाय मोडला तेव्हा आमचे कोच रोज हॉस्पिटलात यायचे. तुम्हाला फक्त लोकांत सांगायला मोठं नाव हवंय."

सगळे ताटात बघत बसले. माझ्या बायकोने, सुनीताने, उठून फोन बंद केला. पाहुण्यांतले कुलकर्णी बायकोला इथल्या अरबी सवयीने म्हणाले, "यल्ला, चल, निघू या." त्यांच्या मुलांची जेवणंही झाली नव्हती.

स्पीकरवर नाही ना, एवढंच त्याने विचारलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवून.

शेवटी मीच फोन लावला. "निहार, मघाशी घरी पाहुणे होते, सगळे ऐकत होते. मी खोटं बोललो."

तो म्हणाला, "बरं झालं, बाबा. आता तुम्हाला त्यांना काही सांगावं लागणार नाही."

मला सांभाळून घेत होता की टोचत होता? विचारायची हिंमत झाली नाही.