थोरलीच्या पगाराची प्रत्यक्ष पाहणी

ती. भावोजींच्या चरणी,

ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते मी स्वतः केलं आहे. खुर्चीही. खिडकीचं ग्रिल, छतावरच्या टाकीचं स्टँड, शिडी, कपाट आणि कपाटावर चढायला लागणारं स्टूल, हे सगळं माझ्या हातचं. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. (पहिलं ग्रिल उलटं बसलं, पण तेव्हापासून मांजर आत येत नाही.) सांगायचं कारण, मी जे बोलतो ते बघून, मोजून, हात लावून बोलतो, ऐकीव गोष्टीवर मी खिळा ठोकत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं कळलं. तिला हे वाचून दाखवताना कंसातलं वगळू नये.

तर विषय आमच्या थोरल्या मुलीचा, थोरलीचा. तुमच्या राज्यातल्या, तुमच्या घरापासून दोन स्टॉपवरच्या इस्पितळाने तिला नर्स म्हणून बोलावलं आहे. पगार एकतीस हजार. इथे ती चौदावर आहे. कोर्स तोच, सुई तीच, माणसाचा दंडही तोच. मधे फक्त राज्याची हद्द. ती ओलांडली की तेच इंजेक्शन दुपटीहून महाग! शिवाय तिथे म्हणे एका नर्सकडे सहाच पेशंट असतात, आणि थोरली इथे जे काही करते त्यातली निम्मी कामं तिथे नर्सची मानतच नाहीत. मी म्हटलं, काम कमी आणि पगार दुप्पट, यात काहीतरी गोम आहे. सौ. म्हणाली, "गोम तिकडे नाही, इकडे खुर्चीत बसली आहे." (तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.) तेव्हा विनंती ही की, तुम्ही वडीलकीच्या नात्याने थोरलीला लिहावं की तुमच्याकडचं पाणी जड आहे, भाडी भयंकर आहेत आणि माणसं तुसडी आहेत. (तुम्ही सोडून.) तुमचं ती ऐकते. माझंही ऐकते, पण ऐकून झाल्यावर स्वतःच्या मनाचं करते.

मात्र नुसतं "जाऊ नको" म्हणणं माझ्या स्वभावात नाही. इथेच कुठे बरी जागा मिळते का ते पाहायला मी स्वतः बाहेर पडलो. आधी सरकारी इस्पितळ. तिथे एका खाटेच्या दोन्ही बाजूंना दोन नर्स उभ्या होत्या, एक कायम आणि एक कंत्राटी. कायमवालीचा पगार कंत्राटीवालीच्या तिप्पट. दोघींनी मिळून पेशंट उचलला. मी वाकून नीट पाहिलं. तिप्पट पगाराच्या बाजूने तो जराही जास्त वर गेला नाही. कायमची जागा कधी निघेल विचारलं, तर तिथला शिपाई म्हणाला, "काका, मीच कंत्राटी आहे." मग कारखान्याचा दवाखाना. पगार उत्तम, आणि काम काय, तर महिन्याला दोन-तीन चेंगरलेली बोटं. ती जागा मी थोरलीसाठी जवळजवळ नक्की केली होती, पण तिथली सिस्टर स्वतःच म्हणाली, "नका हो आणू तिला. मी सगळं शिकलेलं विसरले. परवा नाडी मोजताना आकडे चुकले."

शेवटी थोरलीच्याच इस्पितळात गेलो. तिची पाठ दुखते, म्हणून खाटेची उंची तपासावी एवढाच हेतू. नऊ नंबरची खाट रिकामी होती, तिच्यावर आडवा झालो. (उंची आडवं झाल्याशिवाय कळत नाही.) बावीस खाटांना एकच सिस्टर, ती धावतच आली आणि तिने माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला. मी खुलासा करायला लागलो. "बोलायचं नाही!" मग ब्लडप्रेशर घेतलं. तोंडात काच आणि बोलायची बंदी, अशा माणसाचं ब्लडप्रेशर कितीही भरेल. भरलं. काही कळायच्या आत डाव्या हाताला सलाईन लागलं. दुपारी थोरली ड्यूटीवर आली.

"बाबा! तुम्ही इथे काय करताय?"

"हळू बोल. पेशंट आहेत."

"तुम्हीच पेशंट आहात! डॉक्टर संध्याकाळी येईपर्यंत मी तुम्हाला सोडूसुद्धा शकत नाही."

तेव्हा सबंध दुपार मला पाहणीला मिळाली. थोरलीने इंजेक्शनं दिली, फोन घेतले, बिलावरून भांडायला आलेल्या नातेवाइकांच्या शिव्या घेतल्या, चार नंबरच्या पेशंटची कवळी शोधली आणि गळका नळ बँडेजने बांधला. (चूक पद्धत.) मग सतराव्या खाटेवरच्या आजोबांना एकाएकी धाप लागली. तिने एका हाताने त्यांना उठवून धरलं आणि पायाने ऑक्सिजनच्या सिलिंडरची गाडी ओढायला लागली. गाडीचं चाक अडलं होतं. थेंबभर तेलाचं काम. मी सलाईनला बांधलेला. ती ओढत राहिली. आली शेवटी गाडी. आजोबांनी थोड्या वेळाने चहा मागितला. मी मागितला नाही.

नंतर सलाईनची नळी सुटली, सुई डाव्या हातात तशीच होती, तेव्हा उजव्या हाताने जमेल तेवढं केलं: ते चाक, नवव्या खाटेचं हँडल, दोन व्हीलचेअर. सुटताना बिल आलं. त्यात एक ओळ होती, नर्सिंग, एक दिवस, साडेसहाशे. हे पैसे नर्सला जातात का, असं मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. (तेही थोरलीने दिलं.) बावीस माणसांना जगवून तिच्या हाती दिवसाला याहून कमी पडतात.

तरीही माझं मत कायम आहे. ती गेली तर संध्याकाळी माझ्या कामातल्या चुका कोण काढणार? सौ. काढते, पण तिला मापं कळत नाहीत. तेव्हा पाणी, भाडी आणि माणसं, तिन्हीबद्दल सविस्तर लिहावं.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत इस्पितळाचे मॅनेजर घरी येऊन गेले. वरचं मत रद्द समजावं. (पत्र पुन्हा लिहीत नाही, कारण अक्षर चांगलं आलं आहे.) थोरली रविवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे निघते आहे. तुमच्या राज्यात तिची नर्स म्हणून नोंदणी नव्याने व्हायची आहे, तोवर आणि पुढेही तुमची वरची खोली तिला द्यावी, ही खरी विनंती. पाण्याबिण्याचं तिच्याजवळ काढू नये.

ता. क. २. ड्यूटीवरून आल्यावर तासभर तिला कोणी काही विचारू नये. ताईने तर नाहीच.

ता. क. ३. मॅनेजर काय म्हणाले ते लिहायचं राहिलं. "काका, तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवा. चाकं, खाटा, दारं पाहायची, तेल घालायचं. नऊ ते पाच, रविवारी सुट्टी. फक्त मुलीला जरा समजावा, चांगल्या सिस्टर टिकत नाहीत हो." मी विचारलं, तिचा पगार वाढवाल का? म्हणाले, नर्सिंगसाठी पैशांची सोय नाही. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. चाकांना तेल घालायचे ते मला महिना सव्वीस हजार देत होते.