कंट्रोल क्रमांक बारा

२१ जानेवारी, मंगळवार
गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपली आणि आजच अंबुबाई अडून बसली! सातवा महिना, मेंढरं दिराकडे सोपवून सांगोल्याकडून आलेली. सुई दिसली तसा हात पदराखाली. मी समजावलं — माणूस घाबरलं की अंगात एक रसायन सुटतं, छाती धडधडते. ते रसायन धरणाऱ्या जागा रक्तातल्या पेशींवर पण असतात. पोटात बाळ असताना त्या वाढतात की घटतात, तेच माझ्या संशोधनात मोजतेय.

"भ्यालं की समद्यांचीच छाती उडती की. आदी तुमचं रगत काडा," म्हणाली.

काढलं! नाहीतरी तुलनेसाठी गरोदर नसलेल्या बायका मिळत नाहीत. बारावी कंट्रोल मीच. मग तिनं निमूट हात पुढे केला. लेकरं किती विचारलं. नाहीत म्हटलं. मग मी बाटलीवर १२ लिहिताना बघत बसली.

२२ जानेवारी
दिवसभर पेशी मोजणं. पाठ मोडली.

३० जानेवारी
नवऱ्यानं, अमरेशनं, मूल व्हावं म्हणून केलेल्या उपचारांच्या फायली माळ्यावर टाकल्या. नऊ वर्षांच्या. मीच म्हटलं होतं, डोळ्यांसमोर नकोत. रडू येईल वाटलं, आलं नाही. शेंगाचटणी कुटली, दोघं जेवलो.

३ फेब्रुवारी
गाईड विजयमाला मॅडमनी फाईल तपासली. प्रत्येक कंट्रोलचा 'गरोदर नाही' असा रिपोर्ट हवा. नियम माझाच — आणि बाराव्याला कागदच नाही! बाकी अकराजणींना चाचणीशिवाय खुर्चीवर बसू दिलं नव्हतं मी. म्हटलं, मला ठाऊक आहे ना माझं. पाळीचा तर कधीच भरवसा नव्हता.

"ठाऊक असणं फाईलला लावता येत नाही, सिद्धेश्वरी. त्या दिवसाच्या तुझ्या रक्ताचा सीरम फ्रीजरमध्ये आहे ना? त्यावर चाचणी कर."

लई राग आला. नऊ वर्षं ती एकच रेघ बघितली, आता कागदासाठी पुन्हा बघा! उद्या करते.

४ फेब्रुवारी
दोन रेघा.

दुसरी पट्टी लावली. दोनच.

छाती धडधडतेय. कंट्रोल बारा रद्द केला, स्वतःच्या सहीनं. कारणाचा रकाना भरायला मात्र वेळ लागला — गरोदर.