टाकीतलं बटण

सोमवार

नोकरी लागली एकदाची. मेहुणा म्हणाला होता, सरसाचा कारखाना आहे, नाक घरी ठेवून जा. हाडं-कातडी उकळतात इथे. वासाने डबा उघडवेना. माझं काम मात्र स्वच्छ, वरच्या खोलीत संगणकापुढे. दर दहा मिनिटांनी टायमर वाजतो आणि प्रोग्राम टाकीच्या तळाचं बटण तपासतो. मधल्या वेळात ते दाबलं नसेल तर टाकीतली पाती मिनिटभर फिरवतो. दाबलं असेल तर आत माणूस आहे असं समजून गप्प बसतो. म्हणून टाकी खरवडायला उतरलेला माणूस ते दाबत राहतो. मेन स्विच कोणी बंद करत नाही, कारण नळ थंड पडून सरस आत आळतो.

बुधवार

पाती फिरेनात. नोंदीत बटण दर वेळी दाबलेलं, आत तर चिटपाखरू नाही. मुकादम म्हणाला, तुमच्या आधीचा प्रोग्रामवाला न सांगता गेला तेव्हापासून हे असंच. त्याचे बूट अजून शिडीपाशी आहेत, आत हिरवी बुरशी. शी. मालकाने शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय, नाहीतर मी घरी.

गुरुवार

बटणावर घाण चिकटली असणार, दुसरं काय. प्रोग्राममधून बटण तपासणंच काढून टाकलं, तात्पुरतं. पाती गरगर फिरली, मालक खूश. मुकादमाला सांगायचं राहिलं, उद्या सांगेन.

शुक्रवार

सरसात केस निघाले. मग एक नख, खाली मांसाची चिंधी. दोनदा ओकलो. जेवण नको वाटतं.

शनिवार, दुपार

पाती अडकली. टाकी रिकामी केली, तळाशी चिकट गाळ उरलाच, पण खरवडणारा उतरेना. मुकादम हसला, बटण आहे की साहेब, घाबरता काय. लाज वाटली. बटण दाबून मीच उतरलो.

चिकटा गुडघ्यापर्यंत, कोमट, तोंडातही त्याचीच चव. नोंदीची वही खिशात आहे म्हणून लिहितोय. पात्याला गुंडाळलेली शर्टाची बाही सोडवली. पाती मोकळी झाली.

बटणावर बोटं आहेत. माझी नाहीत. लिबलिबीत, नखं नसलेली. दाबतात, सोडतात –

घोटा धरलाय कोणीतरी. पाय निघत नाही. मुकादमाला हाका मारल्या. वरून म्हणतो, घाबरू नका, बटण दाबत राहा –

बटण. मी ते गुरुवारी काढून –

टायमर वाजून आठ मिनिटं झाली. मेन स्विच म्हणून ओरडतोय, मुकादम लांब गेला, त्याला ऐकू –

चिकट्यातला तो दाबतोय. मीही दाबतोय, त्याच्याच बोटांवरून – कुणी बघतच ना