दोन लिटर पाणी आणि तीनशे बारा पायऱ्या

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज दोन लिटर पाणी. ठरलं म्हणजे ठरलं. हिने बाटली आणलीय, अंगावर वेळेच्या रेघा, वरून खाली: आठ, दहा, बारा, दोन, चार. सोबत भाषण. पाण्याने किडनी साफ राहते, डोकं दुखत नाही, थकवा येत नाही. म्हटलं, क्रेन मी चालवतो की तू? तरी बाटली घेतली. घरात शांतता हवी.

४ मार्च
दहाच्या रेघेपर्यंत प्यायलो. साडेदहाला व्हायचं तेच झालं. केबिनपासून खाली तीनशे बारा पायऱ्या, तेवढ्याच वर. बावीस मिनिटं काम ठप्प. साहेबांनी वॉकीटॉकीवर विचारलं, फिरायला गेला होतात का? नवा प्लॅन: सगळं पाणी घरी गेल्यावर, एकदम.

६ मार्च
घरी गेल्यावर विसरलो. पण चहा चार कप. चहात काय असतं? पाणीच की!

१० मार्च
ही रोज संध्याकाळी बाटली उजेडात धरून बघते, फौजदार कुठली. म्हणून दुपारी खिडकीतून ओतून दिली. खाली इशारे द्यायला मेव्हणा उभा असतो. म्हणाला, दाजी, आभाळ कोरडं आहे, मग हे थेंब कुठले? म्हटलं, मशीनचं पाणी. एरवी हसला असता. आज हसला नाही.

१४ मार्च
पाठ धरलीय. सीटच भिकार. गवंड्याने दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्याला लागू पडल्यात. दिवसाला तीन. कोरड्याच गिळतो. पाणी प्या, मग उतरा, कोणी सांगितलंय!

१९ मार्च
लघवी चहाच्या रंगाची. चार कप चहा पिणाऱ्याला दुसरा कुठला रंग येणार? तीही दिवसातून एकदाच. शरीराला शिस्त लागली. पायऱ्यांची कटकट मिटली.

२४ मार्च
बूट चढेनात. आटले असणार. हिने विचारलं, पाणी पिताय ना? रिकामी बाटली दाखवली. एवढी खूश झाली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून खरंच प्यायचं.

२६ मार्च, दुपारी ३
वारा नव्हता, तरी केबिन गरकन फिरली. हुकवर सळ्यांचा गठ्ठा. मेव्हणा ओरडत होता, दाजी थांबा, थांबा! ऐकू येत होतं, हात हलत नव्हता. शेवटी कसाबसा दांडा ओढला, गठ्ठा त्याच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर थांबला. त्याला खरचटलंही नाही. ऊन लागलं असेल मला. त्याला सांगितलं, ताईजवळ बोलू नकोस.

२७ मार्च
बोलला. थेंबांचंसुद्धा. ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पिशवी भरली आणि गाडी बोलावली.

२ एप्रिल, हॉस्पिटल
डॉक्टरबाई म्हणाल्या, पाण्याविना दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या, उरलेलं गोळ्यांनी केलं. किती सुधारतील ते आत्ता सांगता येणार नाही. क्रेनचं तर विचारूच नका म्हणाल्या. आता किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून दिवसाला अर्धा लिटर, मोजून.

इथे संडास सात पावलांवर आहे. पायरी एकही नाही.

बाटली तीच. हिने दोनच्या रेघेवर लाल पट्टी चिकटवलीय, तिच्या वर भरायची नाही. म्हटलं, एक घोट जास्त दे ना गं. तिने बाटली उजेडात धरून बघितली आणि नाही म्हणाली. डोळे पुसत म्हणाली, पण नाहीच म्हणाली.

पुढचा घोट चारला. आता दोन वाजलेत. फार तहान लागलीय.