काळी सायकल, एक मत

३ फेब्रुवारी
दहाच गाणी! आमच्या पाच वर्षांच्या बँडच्या निवडक गाण्यांचा अल्बम म्हणे. सहा सिंगल्स म्युझिक कंपनीने आधीच ठरवलीत. उरलेली चार आमच्या पहिल्या अल्बममधून आम्ही निवडायची. माझं ‘काळी सायकल’ राहायलाच हवं. आमचं एकमेव मराठी गाणं — बाबांवरचं. इथे परमुलखात, सेक्टर ३० च्या लॅबमध्ये वीस वर्षं सायकलने नोकरीला गेले ते.

५ फेब्रुवारी
इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या प्रॅक्टिसच्या शेडमध्ये आज चिठ्ठ्या उघडल्या. तिघे आम्ही, प्रत्येकाने चार नावं लिहायची. ‘काळी सायकल’ला एक मत. एक! बाद.

मी स्वतः लिहिलंच नाही. आपल्याच गाण्याला आपण कसं मत द्यायचं? आईने लहानपणापासून शिकवलंय — पुढे पुढे करू नये. घ्या आता!

एक मत शिशिरचं असणार. ड्रम बडवतो, उत्तरं हिंदीत देतो, पण शेवटी नागपूरचा. आपला माणूस. आणि हरमन? “चलो जी, डन,” म्हणाला, चिठ्ठ्या खिशात टाकल्या आणि निघाला. शिष्ट मेला!

६ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, “लागलं का गं यादीत आपलं गाणं?” म्हटलं, ठरतंय अजून. धडधडीत खोटं. त्यांनी शेजारच्या सरलाकाकूंना सांगूनही टाकलंय.

९ फेब्रुवारी
हरमन सलग तिसऱ्यांदा प्रॅक्टिसला नाही. फोन उचलत नाही. एक सिंगल काय चाललं, स्वारी हवेत!

सगळ्यात जास्त हे लागतं की ते गाणं गायलंय त्यानेच. पंजाबी असून ‘काळी’तला ळ पहिल्याच टेकला अचूक. शिशिर अजून ‘काली’ म्हणतो. बाबा ऐकून म्हणाले होते, “पोरगा आपल्यातलाच वाटतो.” आणि त्यानेच मत देऊ नये? राग येतो. रडूही येतं.

११ फेब्रुवारी
शिशिरला थँक्यू म्हणाले. तो गोंधळला. “मैंने नहीं लिखा, यार. मुझे लगा वो तेरा अपना व्होट है.”

चिठ्ठ्या तीन. मी नाही, शिशिर नाही.

हरमनला चार फोन केले. बंद. काय काय लिहून ठेवलंय मी वर! खोडत नाही, राहू दे. लाज वाटली पाहिजे मला.

१२ फेब्रुवारी
कंपनीची शेवटची यादी आली. हरमनने त्याचं स्वतःचं चाललेलं सिंगल काढायला लावलंय. दहाव्या जागी ‘काळी सायकल’.

मागोमाग त्याचा मेसेज: “अंकल जी को बता देना. मेरा कॅनडा का वीज़ा आ गया. वापस आने का पक्का नहीं. संडे सुबह सेक्टर 43 के बस अड्डे से एअरपोर्ट की बस है. सामने बोल नहीं पाया, सॉरी.”

बाबांना फक्त अर्धंच सांगितलं. गाणं लागलं म्हणून. ते पेढे आणायला गेलेत.